कन्सोल चालत नाही म्हणून डबाच बंद करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या कंपनीचा गेम कन्सोल दुकानात पडून राहिला की सल्ला ठरलेला असतो: डबे बनवणं थांबवा, तुमचे गेम दुसऱ्यांच्या डब्यांवर विका आणि निवांत राहा. २००१ मध्ये सेगाने तेच केलं. २०१४ मध्ये निन्टेन्डोला तेच सांगितलं गेलं, त्यांनी ऐकलं नाही. आता एक्सबॉक्सबद्दल तेच चाललंय. ही तिन्ही प्रकरणं एकाच मापाने मोजली जातात आणि वाद तिथेच फसतो. मला हे प्रश्न इतक्यांदा विचारले गेलेत की एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवतोय.

आधी तुमचं मत सांगा. सोडावं की नाही?

तिजोरीत पुढचा एक डबा बनवण्याइतके पैसे असतील आणि तुमचे गेम तुमच्याच डब्यातल्या कुठल्यातरी खुबीतून जन्माला येत असतील, तर सोडू नये. दोन्ही नसेल तर सोडावं, आणि तेही चांगली माणसं राजीनामे टाकून जाण्याआधी. किती डबे विकले हा आकडा मी मुद्दामच यात धरलेला नाही. का, ते पुढे येईल.

कन्सोल विकून म्हणे नफा होत नाही. मग विकतात कशाला?

टोलनाका डोळ्यांसमोर आणा. कंपनी स्वतःच्या खर्चाने रस्ता बांधते, म्हणजे कन्सोल. त्या रस्त्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या जातात, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांचे गेम. प्रत्येक गाडीमागे नाक्यावर टोल कापला जातो. डिजिटल दुकानांत तो साधारण ३० टक्के असतो. रस्ता बांधताना तोटा झाला तरी चालतो, कारण वसुली पुढची पाच-सहा वर्षं चालू राहते. २०२१ मध्ये एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलंच होतं, की एक्सबॉक्सच्या डब्यावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

म्हणजे "हार्डवेअर सोडा" या सल्ल्याचा खरा अर्थ असा: तुमचा नाका बंद करा आणि यापुढे दुसऱ्याच्या नाक्यावर तुम्ही टोल भरा. काही वेळा हे शहाणपणाचं असतं. पण सल्ला देणारे बहुधा फक्त रस्त्याच्या खर्चाची बचत मोजतात, गेलेला टोल मोजत नाहीत.

निन्टेन्डोचं गणित थोडं वेगळं आहे. एक तर ते डबा शक्यतो तोट्यात विकत नाहीत. दुसरं, त्यांच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गाड्या त्यांच्या स्वतःच्याच असतात.

सेगाने ड्रीमकास्ट का सोडला? तो तर चांगला होता ना?

सेगाचा हा शेवटचा कन्सोल चांगलाच होता. पण ड्रीमकास्टचं दुखणं ड्रीमकास्टच्या जन्माआधीचं आहे.

१९८८ मध्ये आलेल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलने सेगाला मोठं केलं. जगभरात तीन कोटींच्या आसपास विकला गेला, आणि अमेरिकेत काही काळ निन्टेन्डोची झोप उडवली. त्यानंतर सेगाने जे केलं त्याला हावरटपणा म्हणावं की घाबरटपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मेगा ड्राइव्हला जोडायचा सीडीचा जोड आणला. मग त्यालाच जोडायचा '३२एक्स' आणला. आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये, अमेरिकेत ३२एक्स दुकानात येत असतानाच, जपानमध्ये सॅटर्न हा पूर्ण नवा कन्सोल विक्रीला काढला. ज्याने ३२एक्सवर पैसे घातले त्याला वर्षभरात कळलं की आपण रद्दी विकत घेतली.

मग ११ मे १९९५. लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की सॅटर्न सप्टेंबरात नाही, आजच आलाय. किंमत ३९९ डॉलर. काही मोजक्या दुकानसाखळ्यांना माल आधीच पोचवला होता, बाकीच्यांना या घोषणेतूनच कळलं. त्यातल्या केबी टॉइजने चिडून सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणाऱ्या कंपन्याही सप्टेंबर धरून चालल्या होत्या, त्यामुळे डबा आला तेव्हा खेळायला फारसं काही नव्हतं. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, फक्त "२९९" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशनची ती किंमत होती. टाळ्या अजून ऐकू येतात असं जुने लोक सांगतात.

सॅटर्न जगभरात ९२ लाखांच्या आसपास थांबला. प्लेस्टेशन दहा कोटींच्या पुढे गेला.

म्हणून ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्याच्या पाठीवर आधीचं सगळं ओझं होतं. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला १९९ डॉलरला निघाला आणि पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख खपले. आतच मॉडेम बसवलेला. 'सोल कॅलिबर', 'क्रेझी टॅक्सी', 'शेनम्यू', 'जेट सेट रेडिओ': एवढ्या थोड्या काळात एवढे वेगवेगळ्या धाटणीचे गेम क्वचितच कुठल्या डब्यावर आले असतील. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ड्रीमकास्टसाठी एकही गेम बनवायला नकार दिला. म्हणजे त्यांचं फुटबॉल नाही, बास्केटबॉल नाही. अमेरिकेत हे म्हणजे भारतात क्रिकेट न दाखवणारं स्पोर्ट्स चॅनेल काढण्यासारखं. सेगाने व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स हा स्टुडिओ घेऊन स्वतःचे खेळांचे गेम बनवले, आणि ते खरोखर उत्तम होते. तरी पोकळी भरली नाही. घर फिरलं की वासे फिरतात. इथे तर वासे घर बांधायच्या आधीच फिरले होते.

वर मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ आला. त्यात डीव्हीडी चालायची. घरात डीव्हीडी प्लेअर नसलेल्या बापाला समजावणं मुलांना एकदम सोपं झालं.

मार्च २००० ला संपलेल्या वर्षात सेगाचा निव्वळ तोटा ४,२८८ कोटी येन होता, पुढच्या वर्षी तो ५,००० कोटींच्या वर गेला. ३१ जानेवारी २००१ ला कंपनीने जाहीर केलं की मार्चअखेर ड्रीमकास्टचं उत्पादन थांबेल. एकूण विकले गेले ९१ लाख.

ड्रीमकास्ट पायरसीमुळे बुडाला हे खरं का?

अर्धवट. मिल-सीडी नावाचा एक सीडीचा प्रकार चालावा म्हणून ठेवलेली वाट हॅकर्सना सापडली आणि साध्या सीडीवर उतरवलेले गेम कुठलीही चिप न बसवता चालू लागले. नुकसान झालंच असणार. पण पहिल्या प्लेस्टेशनची पायरसी काही कमी नव्हती. मुंबईत ज्याने तेव्हा प्लेस्टेशन घेतला त्याने तो चिप बसवूनच घेतला आणि ओरिजिनल डिस्क बहुतेकांनी पाहिलीच नाही. तो डबा तर बुडाला नाही.

सेगाला कोणी वाचवलं?

इसाओ ओकावा नावाच्या एका म्हाताऱ्याने, स्वतःच्या खिशातून. हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो.

ओकावा सीएसके या सेगाच्या मुख्य भागधारक कंपनीचे संस्थापक. हार्डवेअरमध्ये राहणं शक्य नाही हे त्यांनी ओळखलं होतं. १९९९ मध्ये त्यांनी सेगाला ५० कोटी डॉलर वैयक्तिक कर्ज दिलं. कॅन्सरने आजारी असताना ते कर्ज त्यांनी माफ केलं आणि वर सेगा व सीएसकेमधले आपले सुमारे ७० कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ ला ते गेले. उत्पादन थांबायला तेव्हा दोन आठवडे उरले होते.

हे मी भावुक होऊन सांगत नाहीये. (थोडा होतोच, पण तो मुद्दा नाही.) मुद्दा हा, की बाहेर पडायलाही पैसे लागतात. कारखान्यांचे करार मोडायचे, गोदामातला माल फुंकून टाकायचा (ड्रीमकास्टची किंमत आधी ९९ डॉलरवर आणि मग त्याहूनही खाली आणली होती), अर्धवट गेम दुसऱ्या डब्यांसाठी पुन्हा बनवायचे. ओकावांचे पैसे नसते तर "सेगाने हार्डवेअर सोडलं" असं आपण म्हणालो नसतो, "सेगा बुडाली" असं म्हणालो असतो. हार्डवेअर सोडणं हा तोटा थांबवायचा फुकटचा उपाय आहे असं कोणी म्हणालं, की मला हा माणूस आठवतो.

सोडल्यावर सेगाचं भलं झालं की नाही?

कंपनीचं झालं. आपल्याला आवडणाऱ्या सेगाचं झालं का, हा वेगळा प्रश्न.

२००१ संपायच्या आत सेगाचा लाडका नायक सॉनिक निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर आणि गेमक्यूबवर उड्या मारत होता. दहा वर्षं ज्यांनी "सॉनिक की मारिओ" यावरून शाळेत मारामाऱ्या केल्या त्यांना तो धक्काच होता. २००४ मध्ये पाचिन्को (जपानी जुगारी खेळ) मशिन बनवणारी सॅमी कंपनी आली आणि सेगा सॅमी होल्डिंग्ज तयार झाली. नंतर सेगाने खरेदीचा सपाटा लावला: २००५ मध्ये 'टोटल वॉर' बनवणारी क्रिएटिव्ह असेंब्ली, पुढच्या वर्षी 'फुटबॉल मॅनेजर'वाली स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह, २०१३ मध्ये ॲटलस, २०२३ मध्ये 'अँग्री बर्ड्स'वाली रोव्हिओ. सॉनिकचे सिनेमे चालले. धंदा म्हणून पाहिलं तर तक्रारीला जागा नाही.

पण दुसरी बाजूही बघा. व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स, म्हणजे ज्याच्या जिवावर ड्रीमकास्टचे खेळांचे गेम उभे होते तो स्टुडिओ, २००५ मध्ये टेक-टू या गेम कंपनीला २ कोटी ४० लाख डॉलरला विकला गेला. आज जगभर बास्केटबॉलवेडे 'एनबीए २के' खेळतात, तो याच घरचा. सेगाच्या हातातून तो अगदी स्वस्तात गेला. 'स्पेस चॅनेल ५' आणि 'रेझ'वाले मिझुगुची २००३ मध्ये बाहेर पडले, सॉनिकच्या जन्मदात्यांपैकी युजी नाका २००६ मध्ये. त्याच वर्षी आलेला सॉनिक इतका वाईट निघाला की आजही त्याच्यावर विनोद होतात.

डबा स्वतःचा असतो तेव्हा विचित्र गेमला घरात जागा असते, कारण तो गेम स्वतः नाही खपला तरी डबा खपवतो. 'हे दुसरीकडे कुठे मिळणार नाही' एवढंच त्याचं काम. डबा गेला की प्रत्येक गेमला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि विचित्र गेम सगळ्यात आधी कापले जातात. सेगाच्या बाबतीत हे लगेच झालं नाही, हळूहळू झालं. अपवाद आहेच: २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेली 'याकुझा' मालिका. ती डब्याशिवाय जन्मली आणि मोठी झाली.

२०१४ मध्ये निन्टेन्डोने सल्ला ऐकला नाही. तो हट्ट होता की हिशेब?

दोन्ही. पण हिशेब जास्त.

परिस्थिती काय होती ते आधी. वी हा कन्सोल दहा कोटींच्या वर खपला होता. त्याच्यानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये वी यू आला. नावापासून घोळ: अर्ध्या लोकांना वाटलं हा जुन्या वीचाच काहीतरी जोड आहे. हातात टॅब्लेटसारखा मोठा पॅड, पण डब्यापासून लांब गेलात की तो बंद. बाहेरच्या कंपन्यांनी वर्षभरात काढता पाय घेतला. १७ जानेवारी २०१४ ला निन्टेन्डोने विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून थेट २८ लाखांवर आणला. त्या आर्थिक वर्षात ४,६४० कोटी येन परिचालन तोटा झाला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला, मारिओचे जनक मियामोतो यांचा ३० टक्के कापला गेला. विश्लेषक एका सुरात सांगू लागले: मारिओ आयफोनवर आणा, नाहीतर सेगा व्हाल.

आकडे वरवर सेगासारखेच दिसतात. पण तीन गोष्टी पार वेगळ्या होत्या.

एक, पैसा. डीएस (हातात धरून खेळायचा कन्सोल) आणि वीच्या वर्षांत साठवलेली रोख निन्टेन्डोकडे पडून होती आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरायची क्योतोच्या या पत्त्यांच्या कंपनीला जुनीच सवय (१८८९ मध्ये हानाफुदा पत्ते छापायला सुरुवात केली होती).

दोन, वी यू पडला तरी दुसरा पाय जमिनीवर होता. हातात धरून खेळायचा ३डीएस चालत होता. तोही २०११ मध्ये आला तेव्हा आपटला होता. सहा महिन्यांच्या आत किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली, तेव्हाही इवातांनी पगार निम्मा केला होता. पण पुढे तो साडेसात कोटींवर गेला. सेगाकडे असा दुसरा पाय नव्हता. आर्केड (नाणी टाकून खेळायची मशिनं) होती, पण तिचे दिवस भरत आले होते.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. निन्टेन्डोत डबा बनवणारे आणि गेम बनवणारे एकाच छताखाली बसतात, आणि गेमची कल्पना पुष्कळदा हातातल्या वस्तूतून निघते. आज प्रत्येक कंट्रोलरवर डाव्या हाताला जे अधिक चिन्हासारखं बटण असतं, ते गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये 'डाँकी काँग'च्या 'गेम अँड वॉच' या हातात मावणाऱ्या छोट्या खेळण्यासाठी काढलं होतं. 'मारिओ ६४' आणि अंगठ्याने फिरवायची काडी एकमेकांशिवाय झाली नसती. 'वी स्पोर्ट्स'मधला टेनिसचा फटका आजी-आजोबांना जमला, कारण रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा होता. तो गेम प्लेस्टेशनवर "आणता" आला असता का? तो सुचलाच नसता. डबे बंद केले की ही विहीर बंद होते. फक्त पाणी आटलं हे कळायला दहा वर्षं लागतात.

इवातांनी एका मुलाखतीत अशा अर्थाचं सांगितलं होतं, की मला फक्त पुढच्या एक-दोन वर्षांची जबाबदारी असती तर गेम बाहेर द्यायला हरकत नव्हती. माझी जबाबदारी लांबची आहे.

पण शेवटी मोबाईलवर आलेच ना?

आले, आणि त्याचा हिशेब मजेशीर आहे.

मार्च २०१५ मध्ये डीएनए या जपानी मोबाईल कंपनीशी करार जाहीर झाला. त्याच कार्यक्रमात इवातांनी 'एनएक्स' या सांकेतिक नावाने नवा कन्सोल येतोय हेही सांगितलं, कारण नाहीतर दुसऱ्या दिवशी "निन्टेन्डोने हार्डवेअर सोडलं" असे मथळे आले असते. चार महिन्यांनी, ११ जुलै २०१५ ला, इवाता गेले. वय ५५.

२०१६ च्या जुलैत 'पोकेमॉन गो' आला आणि निन्टेन्डोचा शेअर पाहता पाहता दुपटीवर गेला. मग कंपनीनेच खुलासा केला: बाबांनो, हा गेम आमचा नाही, नायँटिकचा आहे, आमचा पोकेमॉन कंपनीत फक्त ३२ टक्के वाटा आहे, फार कमाई धरू नका. पुढच्या सोमवारी शेअर एका दिवसात १८ टक्क्यांच्या आसपास घसरला. "मोबाईलवर या" म्हणणाऱ्यांनी किती गृहपाठ केला होता ते तेव्हा दिसलं.

डिसेंबरात 'सुपर मारिओ रन' आला. सुरुवातीचा भाग फुकट, पुढचा एकदाच १० डॉलर देऊन. वर्षभरात २० कोटी डाउनलोड झाले, तरी नफा समाधानकारक नाही असं निन्टेन्डोने स्वतः सांगितलं. मोबाईलवर लोक गेम विकत घेत नाहीत; फुकट घेतात आणि मग त्यातले काही थोडे लोक खूप पैसे घालवतात. दहा डॉलरला एक पूर्ण वस्तू विकणं तिथे बसतच नाही. मारिओ लहान झाला नव्हता, दुकान चुकीचं होतं.

डबा महत्त्वाचा की गेम, याचा काही सरळ पुरावा?

'मारिओ कार्ट ८'. २०१४ मध्ये वी यूवर आला, विकला गेला ८४ लाख. तोच गेम, थोडी डागडुजी करून, २०१७ मध्ये स्विच या निन्टेन्डोच्या नव्या कन्सोलवर (तोच तो 'एनएक्स') आला. तिथे तो साडेसहा कोटींच्या पुढे गेला.

गेम तोच, कंपनी तीच, खेळणारी माणसंही बरीचशी तीच. बदलला तो डबा. वी यूच्या काळात जे म्हणत होते की निन्टेन्डोचे गेम आता लोकांना नको आहेत, त्यांच्यापुढे मी हा आकडा ठेवतो. आणि जे म्हणत होते की गेम चांगले आहेत म्हणूनच डबा सोडा, त्यांच्यापुढेही हाच ठेवतो.

स्विच चालला म्हणून हे शहाणपण. चालला नसता तर?

रास्त प्रश्न. स्विचही आपटू शकला असता. मार्च २०१७ मध्ये तो आला तेव्हा त्यातली एनव्हिडियाची टेग्रा चिप दोन वर्षं जुनी होती, आणि फोनच्या जमान्यात हातातला कन्सोल कोण घेणार असं सगळे विचारत होते. मीही विचारत होतो.

पण पैज लावण्याची पद्धत बघा. निन्टेन्डोने हातातल्या डब्यांचा आणि टीव्हीच्या डब्यांचा विभाग २०१३ मध्येच एकत्र केला होता. म्हणजे दोन डब्यांसाठी दोनदा गेम बनवण्याऐवजी सगळी ताकद एकाच डब्यामागे. चिप जुनी म्हणजे स्वस्त, ओळखीची आणि कमी धोक्याची. योकोईंपासून चालत आलेली ही रीत आहे. पडले असते तर दुखलं असतं, पण मेले नसते. सेगाने ड्रीमकास्टवर लावलेली पैज वेगळी होती: ती हरल्यावर खाली जमीनच नव्हती. निर्णय बरोबर होता का हे निकालावरून ठरवू नये, हरल्यावर काय उरलं असतं यावरून ठरवावं. स्विच पुढे १५ कोटींच्या पार गेला, तो नशिबाचा भाग समजा हवं तर.

सोनीला हा सल्ला कोणी का दिला नाही?

कारण सोनी मोठी होती. प्लेस्टेशन ३ आला त्या वर्षी, म्हणजे मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात, सोनीच्या गेम विभागाने २३,२३० कोटी येन तोटा केला. सेगाच्या सगळ्यात वाईट वर्षाच्या चौपटीहून जास्त. पण मागे टीव्ही, कॅमेरे, सिनेमे आणि विमा असल्यावर माणूस तोट्याला "गुंतवणूक" म्हणू शकतो. तो डबाही शेवटी साडेआठ कोटींच्या वर गेला.

मग एक्सबॉक्सचं काय? त्यांनी सोडलंच आहे ना?

२०२५ अखेरचं चित्र असं: डबा सोडलेला नाही, पण डबा घ्यायचं कारण सोडलंय.

मायक्रोसॉफ्टने डब्यांचे विक्रीचे आकडे सांगणं २०१५ मध्येच बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम कंपनी ६,८७० कोटी डॉलरला घेतली, आणि तिचा 'कॉल ऑफ ड्यूटी' तर प्लेस्टेशनवरच सगळ्यात जास्त विकला जाणारा माल. तो थांबवणं परवडणारं नव्हतं, आणि नियामकांना तसं वचनही दिलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला आपले चार गेम बाहेर दिले. मग २०२५ मध्ये 'फोर्झा होरायझन ५', 'गिअर्स ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर गेले, आणि ऑक्टोबरात 'हेलो'ही जाणार असं जाहीर झालं. 'हेलो'! २००१ मध्ये ज्या गेमसाठी लोकांनी पहिला एक्सबॉक्स घेतला, तो. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत एक्सबॉक्स हार्डवेअरचं उत्पन्न २९ टक्क्यांनी घटलं. दुसरीकडे चिप बनवणाऱ्या एएमडीबरोबर पुढच्या डब्याचा करारही जाहीर केलाय.

इथे माझ्या दोन कसोट्या लावून बघा. पैसा? मायक्रोसॉफ्टकडे नाही असं कोण म्हणेल. पण निन्टेन्डोला डब्याशिवाय दुसरं घर नव्हतं. मायक्रोसॉफ्टला क्लाउड आणि ऑफिस आहे, आणि तिथला हिशेबनीस एक्सबॉक्सकडे बघून विचारणारच, की हा पैसा इकडे लावला असता तर? दुसरी कसोटी: त्यांचे गेम त्यांच्या डब्याच्या खुबीतून जन्मतात का? नाही. 'हेलो' काय, 'फोर्झा' काय, पीसीवर तितकेच छान चालतात. म्हणून एक्सबॉक्सने डबा सोडला तर सेगासारखी सर्जनाची विहीर आटणार नाही, कारण ती डब्यात नव्हतीच. माझा आक्षेप त्यांच्या अर्धवटपणाला आहे. गेम सगळीकडे द्यायचे, डब्याची किंमत एका वर्षात दोनदा वाढवायची, आणि तरी ग्राहकाने तो घ्यावा अशी अपेक्षा धरायची. एक काय ते ठरवा.

हार्डवेअर सोडून कंपनी बुडाल्याचं उदाहरण आहे?

३डीओ. १९९३ मध्ये ६९९ डॉलरचा डबा आणला, चालला नाही. हार्डवेअरमधून बाहेर पडून नुसते गेम बनवू लागले आणि २००३ मध्ये दिवाळखोरीत गेले. त्यांच्या खात्यात मारिओ किंवा सॉनिक नव्हता. प्यादी मागे ठेवून वजीर पुढे काढायचा तर आधी वजीर असावा लागतो.

कंपनीने कन्सोल सोडला तर मी घेतलेल्या गेमचं काय?

डिस्क किंवा कॅसेट असेल तर डबा चालू आहे तोवर काही होत नाही. डिजिटल खरेदीत घोळ आहे. वी यू आणि ३डीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं. घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, नवे घेता येत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये बहुतेक गेमचं ऑनलाइन खेळणंही थांबलं. आणि लक्षात घ्या, ही हार्डवेअर *न* सोडलेली कंपनी आहे.

भारतात या सगळ्याने काय फरक पडतो?

खरं सांगायचं तर या लढाया आपल्याकडे पोचल्याच नाहीत. १९९५ मध्ये शॉ वॉलेसने (हो, तीच दारूवाली) सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात आणला, ८० टक्के आयातशुल्क चुकवायची ती वाट होती, तरी किंमत १८,००० रुपये. त्या काळात एवढ्या पैशांत घरात रंगीत टीव्ही यायचा. आपण खेळलो ते निन्टेन्डोच्या पहिल्या डब्याच्या चिनी-तैवानी नकला: पिवळ्या कॅसेटवर "९९९९ इन १" लिहिलेलं, आत खरे गेम जेमतेम दहा-बारा, आणि चालली नाही की फुंकर मारायची. त्यामुळे 'काँट्रा' आणि 'मारिओ' महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत पोचले, निन्टेन्डोला त्यातला एक पैसा न मिळता.

गंमत म्हणजे आपली पिढी नकळत "डबा कुणाचा का असेना, गेम महत्त्वाचा" याच मताने वाढली. कदाचित म्हणूनच हार्डवेअर सोडा हा सल्ला आपल्याकडच्यांना इतक्या पटकन पटतो.

आज जुना ड्रीमकास्ट घ्यावा का?

घ्या, पण तीन गोष्टी बघून. जपानी डबा १०० व्होल्टचा आणि अमेरिकन १२० चा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट घातलात तर धूर निघेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. युरोपातला मिळाला तर ही कटकट नाही. दुसरं, डिस्क वाचणारी लेन्स बहुतेकांची थकलेली असते. पुष्कळ लोक ड्राइव्ह काढून त्या जागी मेमरी कार्डाचा बोर्ड बसवतात. तिसरं, घड्याळाची बॅटरी आत बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि एव्हाना ती मेलेली असणार, म्हणून दर वेळी सुरू केला की तो तुम्हाला आजची तारीख विचारेल.

आणि कंट्रोलरमधल्या स्क्रीनवाल्या मेमरी कार्डाच्या गोल बॅटऱ्या संपल्या असतील तर सुरू करताना एक लांब, कर्कश बीप येतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. माझा रोज ओरडतो. बॅटऱ्या कपाटात आहेत, पण मी मुद्दाम बदलत नाही.